भाजीवाल्याचं मौन

मळ्यातून, सेवाग्रामच्या अलीकडे
नाताळाच्या आधीचा सोमवार

तीर्थरूप अण्णाजींच्या चरणी,

बंडूचा वाकून नमस्कार. (वाकल्यावर कंबर धरते, तेव्हा अजून वाकलेलाच आहे असं समजावं.) या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? गल्ल्यावर बसताना पायांवर गोधडी घेत जा, ऐट करू नका. जामच्या चौरस्त्यावर हॉटेलवाले अण्णाजी म्हणून तुम्हाला सगळे ओळखतात, गोधडी घेतल्यानं ओळख जात नाही. शोभावैनींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, भट्टीजवळून उठून बाहेर येताना कानाला रुमाल बांधत जा. म्हैस दोन्ही वेळा दूध देते ना? इकडे मी ठीक आहे. तुरीला शेंगा धरल्या आहेत, वांगी बेसुमार निघत आहेत आणि रोह्यांच्या कळपानं रात्री मळ्यात शिरून अर्धी मेथी फस्त केली आहे. बाकी देवाची दया.

आता तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो? प्रश्न रास्त आहे. पोस्टातल्या बाईंनीही पाकीट देताना मला तेच विचारलं. (पत्र तेव्हा लिहिलं नव्हतं. पाकीट आधी घेऊन ठेवलं म्हणजे विचार फिरत नाही.) कारण असं, की मी हल्ली मौनाचा माणूस झालो आहे. तुम्ही हसाल. हसून घ्या. सगळा सेवाग्राम रोड हसतो आहे, त्यात जामची भर पडली म्हणून काय बिघडणार? पण मौनाच्या माणसानं फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून हे चार ओळींचं पत्र.

धुरपता बरी असेल. तिच्याविषयी हे पत्र नाही, हे आधीच स्पष्ट करतो. भाऊबीजेला गेलेली बहीण भावाकडे थोडी जास्त राहिली म्हणून कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही, माझ्या तर मुळीच नाही. स्वयंपाक मला येतो. रोज वरण करतो. त्याचं पिठलं कसं होतं ते अजून कळलेलं नाही, पण पोटात गेल्यावर सगळं एकच. घर अगदी शांत आहे. इतकं शांत, की परवा मी कढईलाच विचारलं, आज काय करू. तेव्हा तिला तिकडे हवं तितकं राहू द्या. (जामहून हिंगणघाटला आणि हिंगणघाटहून वर्ध्याला गाड्या पुष्कळ आहेत, हे आपलं माहितीसाठी.)

झालं काय ते तिनं तुम्हाला सांगितलंच असेल, नसेल तर माझी बाजू आधी ऐका. दिवाळीच्या तोंडावर मी वाफ्यातून पुढे सरकता सरकता तिला म्हणालो, की पत्ताकोबी राहू दे, फुलकोबी काढ. मोटर बंद करून परत येतो तर बाईनं मुठीएवढी कोवळी पत्ताकोबी सबंध ओळ कापून टोपल्यात रचलेली. आता सांगा, जन्मभर मळा करणाऱ्या बाईला पत्ताकोबी आणि फुलकोबी यातला फरक कळत नाही? मी बोललो. निंदणाच्या बाया समोर होत्या तरी बोललो, की तुला माझं ऐकायचंच नसतं. तर तिनं तोंड फिरवलं. मी वळसा घालून तिच्या तोंडासमोर गेलो, तर तिनं पुन्हा तोंड फिरवलं. शेवटी अगदी थकल्यासारखी म्हणाली, "तुमचं बोलणं नाई आइकू येत मले आता." एवढं म्हणून विळा टोपल्यात टाकला आणि घरात गेली. मग भाऊबीज आली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ही हकीगत मी ज्याला त्याला सांगितली आणि ज्यानं त्यानं एकच निकाल दिला, की बाईचे कान किटले. पुण्याहून आमच्या पीयूषनंही फोनवर सुनावलं, "बाबा, तुमी थांबतच नाई. आई किती आइकन?" (पोटचा पोरगा. त्याला बोलायला मीच शिकवलं.) माझं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. भांडणाचं नाही, मोठ्या आवाजाचंही नाही. नळ नीट बंद न केल्यासारखं ते बारीक चालू असतं, वाफ्याशी, बैलाशी, टोपल्याशी आणि त्यातूनच मधेमधे धुरपताशी. आमचे बाबा म्हणत, बोलणाऱ्याचा कोंडा विकतो, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. त्या एका वाक्यावर मी वर्ध्याच्या बाजारात आयुष्य काढलं. गिऱ्हाईक माझ्याकडे भाजीसाठी कमी आणि गोष्टींसाठी जास्त येतं. बायको मात्र त्याच गोष्टींपायी गेली, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटलं. खरं सांगतो अण्णाजी, फार लागलं. तीन वेळा उठून बाहेर गेलो आणि परत आलो, कारण हे जिला सांगायचं ती ना बाहेर होती ना घरात. पण तिच्याविषयी हे पत्र नाही.

हे पत्र आहे मौनाविषयी. आमच्या मळ्याच्या पलीकडे ख्रिश्चन लोकांचं एक साधना केंद्र आहे. निंबाची मोठाली झाडं, मधे लहानसं प्रार्थनाघर, भोवती मुरमाची पायवाट. नागपूर, अमरावती, चंद्रपूरकडून माणसं तिथं येऊन राहतात आणि गप्प बसतात. (गप्प बसायला घरदार सोडून जावं लागतं, हे मला तेव्हा नवीन होतं.) त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी माझी जाते. भाऊबीजेनंतर एका सकाळी मी नेहमीच्या मागच्या दाराऐवजी पुढून टोपलं घेऊन आत शिरलो आणि पाहतो तर दहा-बारा माणसं, चांगल्या घरची, निंबाखाली मान खाली घालून एकेक पाऊल टाकत चालली आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही, नजर जमिनीवर. मी लगेच ओळखलं. कोणाचं तरी सोन्याचं काही पडलं. अशा वेळी माणसानं टोपलं घेऊन नुसतं उभं राहावं का? मी टोपलं खाली ठेवलं, पायजमा वर खोचला आणि शोधायला लागलो. एकाला विचारलं, अंगठी की चेन? त्यानं डोळे मिटले. एका बाईंना विचारलं, शेवटचं कुठं पाहिलं होतं? त्यांनी गळ्याशी हात नेला. मी समजलो, मंगळसूत्र. मग मी हातानं पाला उकरत पुढं निघालो आणि मुरमात काहीतरी चमकलं. सापडलं, सापडलं, असा मी जो आवाज दिला, त्यानं निंबावरचे पोपट उडाले. हातात घेऊन पाहतो तर साडीला लावायची पिन.

सगळे थांबले. हसू दाबून काही जण लाल झाले. मग सिस्टर बेनिता आल्या. या तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टर, मूळच्या वसईकडच्या, पण उमर इकडेच गेल्यामुळे बोलतात आपल्यासारख्याच. त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की कोणाचं काही हरवलेलं नाही, ही प्रार्थना आहे, चालण्याची. श्वास घेताना पाऊल उचलायचं, सोडताना ठेवायचं आणि कुठं पोचायचं नाही. मी म्हटलं, पोचायचंच नाही तर चालायचं कशाला? (एसटीत बसल्यावर मला हाच प्रश्न उलटा पडतो.) तिथले मुख्य फादर अनुप, तरणे, चष्मेवाले गृहस्थ, आवाज ऐकून बाहेर आले होते. ते म्हणाले, की आपण देवापुढं गेलो की बोलतच असतो, हे दे, ते दे, याचं बरं कर. देवाला बोलायला फटच मिळत नाही. म्हणून इथं आम्ही बोलत नाही, ऐकतो. मी विचारलं, देवाचं ऐकायचं म्हणजे तो सांगेल ते करायचं, हेच ना? फादर म्हणाले, "करायचं नंतर, बंडूजी. आधी नुसतं ऐकायचं." हे तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. आपल्याकडे ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं. बायको नवऱ्याचं ऐकते की नाही, असं विचारलं तर तिचे कान कसे आहेत, असं कोणी समजत नाही. पण देवाला फट मिळत नाही, हे मात्र मनाला लागलं.

नाताळाच्या आधी त्यांचं तीन दिवसांचं मौन होतं. त्यात मी बसू का, असं विचारलं. स्वार्थ उघड होता. तीन दिवसांत तोंड बंद ठेवायला शिकायचं आणि मग (हे कंसातच ठेवतो) जामला यायचं. आधी एक खात्री करून घेतली, की यासाठी धर्म बदलावा लागतो का, कारण शनिवारी मारुतीला तेल आमच्या घरचं असतं. फादर हसले आणि म्हणाले, मारुतीला तेल घालत राहा, फक्त इथं जिभेला घालू नका. सिस्टर बेनितांनी माझा फोन काढून घेतला आणि मी आत गेलो.

बसणं सोपं असेल असं वाटलं होतं. बाजारात मी दिवसभर बसतोच. पण तिथं गिऱ्हाईक नसतं, अण्णाजी. पाठ सरळ, डोळे मिटलेले, समोर मेणबत्ती आणि भिंतीवर क्रूस. फादरनी सांगितलं होतं, की मनात एक लहानसा शब्द धरा आणि मन भटकलं की न रागावता त्या शब्दाकडे परत या. त्यांची माणसं येशूचं नाव धरतात. मी राम धरला. राम म्हटलं की मोटर आठवायची, मोटर म्हटलं की लाइन कधी येते ते आठवायचं, आणि रामाकडे परत येईपर्यंत मी वर्ध्याच्या बाजारात वांगी विकून आलेलो असायचो. त्यात पायजम्यात एक मुंगळा शिरला. हलायचं नाही असं ठरलं होतं, पण ते मुंगळ्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी हललो नाही. तोंडातून मात्र जे निघालं ते राम नव्हतं.

बोलता येत नाही म्हटल्यावर मी चिठ्ठ्या लिहायला लागलो. फादरना चिठ्ठी, की भाजीत मीठ कमी आहे आणि वांग्याचा त्यात दोष नाही. सिस्टरना चिठ्ठी, की शेजारचे साहेब ध्यानात घोरतात. चंद्रपूरच्या एका अनोळखी गृहस्थाला चिठ्ठी, की आपण कोणाकडचे? शेवटची चिठ्ठी तेवढी कामाची होती. झालं असं, की राम राम म्हणता म्हणता मधेच कधीतरी शब्द बदलला आणि आपण धुरपता, धुरपता म्हणत बसलो आहोत हे माझ्या लक्षात आलं. मी घाबरलो. दुसऱ्याच्या देवाच्या घरात बसून स्वतःच्या बायकोचा जप! फादरना लिहून विचारलं, की हे चालतं का? त्यांनी खाली लिहून पाठवलं, की चालतं, येऊ द्या. त्यानंतर सिस्टर बेनितांनी माझी पेन्सिलही काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी चालणं. माझी चाल शेतकऱ्याची. मी पुढच्या माणसाच्या टाचेवर सारखा पाय द्यायचो, म्हणून मला सगळ्यांत शेवटी ठेवलं. हळूहळू जमायला लागलं. पायाखालचा मुरूम कसा करकरतो ते ऐकू यायला लागलं, लांबून आमच्याच मोटरीचा आवाज आला आणि तिचं बेअरिंग जात आहे हेही कळलं. (ती मोटर मी वर्षभर रोज चालवतो, पण तिच्या आवाजावर माझा आवाज असतो.) इतक्यात पाहतो तर कोणाची तरी बकरी कुंपणातून शिरून सिस्टरांच्या वाफ्यातली फुलकोबी खाते आहे. रोपं माझीच दिलेली. ओरडता येत नाही. मी दोन्ही हात वर करून हलवले. बकरी बघत राहिली. मग उड्या मारल्या, छाती पिटली, हात जोडले. अमरावतीच्या एक बाई माझ्याकडे पाहून गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्यामागे आणखी दोघी बसल्या. बकरीनं फुलकोबी संपवली. संध्याकाळी त्या बाईंनी माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला आणि मौन असल्यामुळे मला खुलासाही करता आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मौन सुटलं. सगळ्यांना चहा आणि केक मिळाला आणि तीन दिवसांची गप्प माणसं एकदम बोलायला लागली. मी सिस्टर बेनितांना गाठलं आणि समोर उभा राहून सांगायला लागलो, की सिस्टर, तुमच्या कृपेनं मला आता गप्प बसणं आलं, ते कसं आलं ते सविस्तर सांगतो. तर त्यांनी तोंड फिरवलं. मी वळसा घालून समोर गेलो, तर पुन्हा तोंड फिरवलं. अण्णाजी, मला रडूच यायचं राहिलं. मी म्हटलं, तीन दिवस तोंड शिवून बसलो, तरी देवाच्या घरची बाईसुद्धा माझ्याकडून तोंड फिरवते. हे मी मनात म्हणालो असं मला वाटलं, पण ते तोंडातून निघालं होतं आणि या खेपेला मोठ्यानं निघालं होतं.

सिस्टर बेनिता हसल्या. म्हणाल्या, "तोंड नाई फिरवून राह्यली, भाऊ. कान देऊन राह्यली. डावा कान गेला ना माया, म्हणून चांगला कान तुमाकडे करून राह्यली."

मी चहाचा कप खिडकीत ठेवला. फादर तीन दिवस ज्या शांततेविषयी सांगत होते, ती मला तेव्हा, मौन सुटल्यावर, लोकांच्या गलक्यात मिळाली. धुरपता अशीच मान वळवते. मी समोर बसून जेवताना बोलायला लागलो की ती भिंतीकडे तोंड करते, म्हणजे उजवा कान माझ्याकडे येतो. टीव्हीचा आवाज ती वाढवायची आणि बिल वाढतं म्हणून मी कमी करायचो. कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण करपायचं आणि मी म्हणायचो, लक्ष कुठं असतं तुझं? पत्ताकोबी राहू दे, हे मी वाफ्याकडे तोंड करून, चालता चालता पुटपुटलो होतो. तिच्यापर्यंत त्यातली फक्त पत्ताकोबी पोचली असेल. आणि 'तुमचं बोलणं नाई आइकू येत मले आता' हा राग नव्हता हो. ती मला खबर देत होती. सगळ्या गावानं त्याचा अर्थ लावला आणि सगळ्यांत आधी मी लावला. ती माझ्याकडून तोंड फिरवत नव्हती, माझी सगळी बडबड ऐकू यावी म्हणून कान देत होती. माझं ऐकण्यासाठी इतके कष्ट आजवर कोणी घेतले नाहीत.

सिस्टरांनी मग सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, दाखवून घ्या, कधी नुसता मळ असतो, कधी औषधानं भागतं, नाही तर यंत्र मिळतं, भिऊ नका. सेवाग्रामचा दवाखाना माझ्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. (हाक ऐकू आली तर.) तेव्हापासून मी खरोखर कमी बोलतो. प्रयत्न करून नाही. समोर ऐकणारं कोणी नाही, हे आता लक्षात येतं, एवढंच.

असं हे मौनाचं. चार ओळी म्हणता म्हणता जरा वाढलं. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून हात.

तुमचा, गप्प राहणारा,
बंडू

ता. क. हे पत्र धुरपताविषयी नाही असं मी वर लिहिलं आहे. ते खोडायचं राहून गेलं, तुम्ही खोडून घ्या. येत्या रविवारी मी तिला न्यायला येऊ का? तुम्ही किंवा वैनींनी तिला विचारावं. विचारताना तिच्या उजव्या हाताला बसावं, तोंड तिच्याकडे करावं आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. तुमच्या हॉटेलात ट्रकांपायी सगळेच ओरडून बोलतात, म्हणून तुमच्या कोणाच्या ध्यानात आलं नसेल आणि म्हणूनच तिला तिकडे बरं वाटत असेल.

दुसरा ता. क. भाऊबीजेनंतर मी फोन केला होता तो तुम्हाला आठवत असेल. वैनींनी तिच्या हातात दिला. मी त्यात बरंच बोललो, पत्ताकोबीबद्दल माफीसुद्धा मागितली. ती हॅलो, हॅलो म्हणाली आणि फोन वैनींना परत दिला. मला वाटलं, माफी नामंजूर. आता आठवतं की तिच्या उजव्या हातात नेहमी झारा नाही तर पीठ असतं, फोन ती डाव्या हातानं डाव्या कानाला लावते. म्हणून पत्र. पाकिटावर नाव तुमचं असलं तरी हे तिलाच वाचायला द्या. वाचायला तिला वेळ लागतो, घाई करू नका.

तिसरा ता. क. कान दुरुस्त करून घ्यायचा की नाही, हे मात्र तिलाच ठरवू द्या. माझ्या बडबडीपुरता तो तसाच ठेवायचा असेल, तर माझी काही हरकत नाही.